फायटर टँक, दोन नग

बाबा,

तुमच्याबद्दल मी जे लिहून दिलं आहे त्यात एक वाक्य चुकीचं आहे. मी लिहिलं होतं की आई आणि मी दोह्याला तुमच्याकडे आलो त्या वर्षी मला पहिलीत प्रवेश मिळाला नाही, भारतीय शाळांमध्ये जागाच नव्हत्या, म्हणून तुम्ही मला दोन वर्षं घरी शिकवलंत, अंगणात, विमानाच्या टाकीत बसवून. जागा होती. माझं नाव लागलं होतं. आणि घरी मला शिकवलं ते आईनं. तुम्ही शिकवलंत ते शुक्रवारी. म्हणजे एक नव्हे, दोन वाक्यं चुकीची आहेत. ती कुठे आणि कशी दुरुस्त करायची हे ठरवायच्या आधी मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला लिहायची मला भीती वाटत नाही. आता तुम्ही मध्येच हसून विषय बदलू शकत नाही.

हे लिहून द्यायची वेळ का आली ते आधी सांगते. तुम्ही गेल्यावर तुमची अर्धवट गाडी आणि दुसरी टाकी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आपल्या अंगणात तशीच पडून होती. आईनं दोन्हींवर ताडपत्री घातली आणि तिच्या कडा विटांनी दाबल्या. वर्षं गेली. मग एक कतारी माणूस दारात आला, माझ्याहून थोडाच मोठा असेल. तुम्ही कधीकाळी इंटरनेटवर विचारलेला प्रश्न त्याला सापडला होता, लढाऊ विमानाची भंगारात निघालेली टाकी कुठे मिळेल म्हणून. त्याला तुमच्यासारख्याच गाड्या बनवायच्या होत्या आणि तोही टाक्या शोधत फिरत होता. आता त्या मिळतच नाहीत, तो सांगत होता. लोक नवा पत्रा ठोकून तसा आकार करतात आणि जुनी म्हणून दाखवतात. त्याला खरी हवी होती. ताडपत्री काढल्यावर त्यानं टाकीवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. आईला तो खाला म्हणतो, म्हणजे मावशी. मावशीनं त्याला अर्धी गाडी देऊन टाकली. दोन हिवाळे खपून त्यानं ती पुरी केली, इंजिनासकट, आणि आता येत्या शनिवारी दक्षिणेकडच्या सबख्यावर, त्या मिठाच्या सपाट जमिनीवर, ती पहिल्यांदा पळणार आहे. त्याआधी त्याला तुमच्याबद्दल चार ओळी हव्या होत्या, गाडीशेजारी फलक लावायला. मी एक पान लिहून दिलं.

ऑफिसात कुणाला ही गाडी समजावायची म्हणजे मला पहिल्यापासून सांगावं लागतं. लढाऊ विमानाच्या पंखाखाली जादा इंधनाची लांबट टाकी लटकवतात, दोन्ही टोकांना निमुळती, हवा कापत जाईल अशी. इंधन संपलं की वैमानिक ती हवेतच सोडून देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा टाक्या स्वस्तात भंगारात निघाल्या. तिथल्या पोरांनी त्यांना चाकं लावली, मागे इंजिन बसवलं, स्वतः पुढे शिरले आणि वाळलेल्या तळ्यांवरून सरळ रेषेत जाईल तितक्या वेगानं गेले. शर्यत दुसऱ्या कुणाशी नाही, नुसती घड्याळाशी. तुम्हाला तशीच गाडी हवी होती, त्याच जुन्या पद्धतीची. लोक विचारतात, पण कशासाठी? लहानपणी मी तुमचंच उत्तर द्यायचे: जाते का ते बघायला.

ते चित्र तुम्ही नाशिकजवळच्या विमान कारखान्यात शिकाऊ असताना एका जुन्या इंग्रजी मासिकात पाहिलंत. टाकीतून नुसतं डोकं बाहेर काढून बसलेला माणूस, मागे धुळीचा लोट. मग नोकरी बदलली, देश बदलला, गॅस प्लांटमध्ये मोठमोठे कॉम्प्रेसर सांभाळायला लागलात, तरी चित्र डोक्यातून गेलं नाही. आम्ही यायच्या आधी तुम्ही इथे एकटे होतात, तेव्हा दर शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियापलीकडची भंगारची आवारं पालथी घालायचात. तिथे बसचे सांगाडे होते, जहाजांच्या साखळ्या होत्या, पण टाकी म्हटलं की लोक पाण्याची टाकी दाखवायचे. शेवटी तुम्ही नाशिकला काकांना कामाला लावलंत. काका त्याच कारखान्यात होते. लिलावात भंगार उचलणाऱ्यांना ते ओळखायचे. पहिली टाकी त्यांना एका द्राक्षबागेत सापडली. बागायतदार तिच्यात फवारणीसाठी मोरचूद कालवायचा. बाहेरून चांदीसारखी, आणि मोरचुदानं आतून पार खाल्लेली. काकांनी फोनवर तसं सांगितल्यावर तुम्ही दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीत, असं आई सांगते. मग एका भंगारवाल्याच्या गोदामात जोडी मिळाली, डावी आणि उजवी, कधी न वापरलेली, आतला पिवळट हिरवा रंगसुद्धा शाबूत. तुमचा निरोप होता की खांदे मावले पाहिजेत. तुम्हा भावांचे खांदे सारखे, म्हणून काका गोदामाच्या फरशीवर उताणे झोपले, भंगारवाल्यानं दोन्ही खांद्यांशी खडूनं खुणा केल्या आणि मग टाकी गडगडत आणून त्या खुणांवर ठेवली. तो म्हणाला, "भाऊ, गाडीचं माप घेताय का तिरडीचं?" काका हे सांगताना अजून हसतात.

आणि मग बंदराची गोष्ट. ही तर घरातली सगळ्यांत लाडकी गोष्ट होती. पेट्यांवर काय लिहायचं हे काकांनी स्वतः ठरवलं. त्यांच्या डोक्यात लढाऊ विमानाची टाकी होती. इंग्रजीत लिहिताना विमान गळलं. "फायटर टँक, दोन नग." मराठीत टाकी वेगळी आणि रणगाडा वेगळा, इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे हे काकांच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा नवं हमद पोर्ट नव्हतं, माल जुन्या बंदरावर उतरायचा. तिथल्या अधिकाऱ्यानं कागद वाचला, भारतातून दोन रणगाडे आले आहेत आणि ते सोडवायला एक चष्मेवाला इंजिनियर आला आहे. त्यानं विचारलं, गन कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "नो गन, सर. ओन्ली पेट्रोल." त्यावर तो खुर्चीतून उठला. मराठी मंडळाच्या प्रत्येक दिवाळीत तुम्ही ही गोष्ट दोन्ही आवाज काढून सांगायचात, खुर्चीतून उठूनसुद्धा दाखवायचात, आणि माणसं डोळे पुसायची. मी आता हमद पोर्टला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात आहे. मालाचं वर्णन वाचणं हेच माझं काम. नुसतं "टँक" लिहिलेलं आलं की मी ते परत पाठवते, कसली टाकी ते स्पष्ट लिहा म्हणून. परत पाठवताना मला दर वेळी तुम्ही आठवायचात आणि हसू यायचं. महिन्याभरापूर्वीपर्यंत यायचं.

तुमचे शुक्रवार मी त्या पानावर चांगले सविस्तर लिहिले आहेत. एक टाकी तुम्ही वरून कापलीत आणि सांगाडा तयार होईपर्यंत तिच्यात मीच बसायचे. सकाळी पत्रा गार असतो, थोड्या वेळानं कोमट, मग मांडीला चटका बसायला लागला की धडा संपला. आत बोललेलं माझ्याच कानाशी घुमून परत येतं. तुम्ही बाहेरून विचारता, ह्या दोन रिव्हेटांत अंतर किती? मी म्हणते, साधारण दीड इंच. तुमचं डोकं वर, कापलेल्या कडेवर येतं. तुम्ही रागावलेले नाही, पण हसतही नाही. "साधारण? पट्टीवर साधारण कुठे लिहिलंय ते दाखव मला. सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही." आणि तुम्ही दुसऱ्या कामाला निघून जाता. बाबा, मी सात वर्षांची होते. मी खरोखर शोधलं. मला वाटलं, एखादी बारीक रेघ असेल, तिचं नाव साधारण असेल आणि मला ती दिसत नसेल. आईनं येऊन मला काढलं तेव्हा पाय भाजले होते. तीच स्टीलची पट्टी तुम्ही माझ्या वाढदिवसाला दिलीत, आणि मी ती उशीखाली घेऊन झोपायचे. तेव्हापासून मला साधारण म्हणता येत नाही. ऑफिसात कुणी विचारलं की जहाज साधारण कधी लागेल, तर मी उत्तर द्यायच्या आधी वेळापत्रक उघडते. एखादा आकडा मी तीनदा तपासते आणि घरी येऊन पुन्हा आठवत बसते. लोक म्हणतात, फार काटेकोर मुलगी आहे. मीही अभिमानानं सांगायचे, बाबांची शिकवण. त्या पानावरही तसंच लिहिलं.

आईच्या सकाळींबद्दल मात्र मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि आता लिहायला बसले तर तिला विचारून लिहावं लागतं आहे. ती सांगते, शेजारच्या मुलांची जुनी पुस्तकं तिनं मागून आणली होती. तुम्ही कामावर गेलात की ओट्याशेजारी स्टूल ठेवून मला बसवायची. पोळ्या लाटता लाटता शुद्धलेखन सांगायची, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की लाटण्यानं ओट्यावर टकटक करायची. मग पाढे, मग इंग्रजी, मग जेवण, मग गणित. रविवार ते गुरुवार, दोन वर्षं. तिसरीत घेताना शाळेनं माझी परीक्षा घेतली तेव्हा त्यात हेच सगळं होतं. रिव्हेटांबद्दल कुणी काही विचारलं नाही. पण मंडळात तुम्ही सांगायचात, हिला मी टाकीत बसवून शिकवली, आणि सगळे वाहवा करायचे, आणि आई तेव्हा चहाचे कप गोळा करत असायची. तिचा एकच टोमणा मला लख्ख आठवतो. कुणीतरी टाक्या बघायला आलं की ती म्हणायची, "बाकीच्यांच्या नशिबी एक सवत असते. माझ्या नवऱ्यानं जोडीनं आणल्या, त्याही दिराच्या हातून पसंत करून." तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसायचात.

मी नववीत असताना तुम्ही गेलात. प्लांटच्या शटडाउनमध्ये छातीत कळ आली आणि खलास. गाडीला तोवर सांगाडा होता, मागचा आस होता, इंजिन नव्हतं. ती एक फूटही चालली नव्हती. माझं शिक्षण इथेच पुरं व्हावं म्हणून आईनं नोकरी शोधली आणि एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, आणि सातवीच्या मुलांना कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. आता ती निवृत्त झाली. महिनाअखेर ती कायमची नाशिकला परतते आहे, आणि आपला व्हिला मालक पाडणार आहे. म्हणून दुसरी टाकीही त्या माणसाला द्यायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात ट्रक येईल.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी ते पान आईला वाचून दाखवत होते. लिहिलं होतं इंग्रजीत, तिला मराठीत सांगत होते. ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी म्हटलं, त्या वर्षी मला शाळेत जागा मिळाली नाही.

आई म्हणाली, "जागा होती की."

मला कळेना. मी विचारलं, "कशात?"

"शाळेत गं. तुझं नाव लागलेलं. दुपारपर्यंत फी भरून कागद द्यायचे होते. कागद तुझ्या बाबांच्या गाडीत."

"मग?"

"मग काय. फायटर टँक."

तिनं मान वर केली नाही. मेथीची जुडी संपली, तिनं दुसरी सोडली. मला ह्या दोन्ही गोष्टी लहानपणापासून पाठ होत्या, बंदराची हसायची आणि शाळेची जरा कौतुकाची, पण त्या एकाच दिवसाच्या आहेत हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पण त्यांना तिथे अडकवून ठेवलं होतं ना? आई म्हणाली, छे, एजंट तर सांगत होता, साहेब तुम्ही घरी जा, हे आठवडाभर चालेल. मग तुम्हीच तिला सांगितलंत म्हणे, संध्याकाळी घरी येऊन, हातपायही न धुता, आनंदानं: जाणार कसा, पेट्या उघडून बघणार होते ना. तिनं फीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, अरेच्चा, उद्या भरतो. दुसऱ्या दिवशी जागा पुढच्या मुलाला गेली होती. त्या उन्हाळ्यात आईला एका क्लिनिकच्या लॅबमध्ये नोकरी ठरली होती, मी शाळेत गेले की रुजू व्हायचं होतं. ती गेली नाही. तुम्ही म्हणालात, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, आणि शाळेत असं काय मोठं शिकवतात. एकाची पुढे दोन झाली. आणि मंडळात कुणी विचारलं तर सांग, जागा नव्हत्या. तिनं ते इतक्या जणांना सांगितलं की पुढे तुम्हीही ते खरं धरून चाललात.

बाबा, मी ह्या बातमीनं रडले वगैरे नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की ह्या जगात दुसऱ्या कुणाला कळणार नाही ते मला कळतं. मालाचं वर्णन चुकलं की काय होतं हे मी रोज बघते. कागद पाठवणाऱ्याकडे परत जातो, तो दुरुस्तीचं पत्र देतो, एजंट ते घेऊन खेपा घालतो. माल ज्याचा आहे तो माणूस तिथे बसून राहिला काय किंवा नाही काय, काडीचा फरक पडत नाही. येतात अशी माणसं. बाकावर बसतात, दर थोड्या वेळानं खिडकीपाशी येतात, आम्ही त्यांना नम्रपणे सांगतो की तुम्ही जा, फोन करू. बहुतेक जातात, त्यांना मुलं शाळेतून आणायची असतात. तुम्ही गेला नाहीत. तुम्हाला कुणी धरून ठेवलं नव्हतं. त्या बंदरापासून त्या शाळेपर्यंतचा रस्ता मी मागच्या शुक्रवारी गाडीनं जाऊन पाहिला, किती वेळ लागतो ते बघायला. आकडा लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

विसरलात असं म्हणावं, तर आई म्हणते सकाळी निघताना कागद तुम्ही स्वतः मोजून पिशवीत घातले होते. साधारण हा शब्द ज्याला चालत नव्हता तो माणूस सगळ्यांना सांगत राहिला की साधारणपणे जागाच नसतात इथे. मला राग शाळेचा नाही. दोन वर्षांनी गेलेच मी शाळेत. मला राग येतो तो तुम्ही किती छान हसवायचात त्याचा. आई कप गोळा करत असताना तुम्ही खुर्चीतून उठून दाखवत होतात, आणि त्या खोलीत ती एकटीच होती जिला माहीत होतं की ह्या गोष्टीच्या शेवटी काय झालं. ती एकदाही मध्ये बोलली नाही. मीही तिच्यासमोर हसले, इतकी वर्षं.

गेल्या आठवड्यात त्या कतारी माणसानं फोटो पाठवला. गाडीच्या नाकावर खडूनं अरबी अक्षरं लिहिली आहेत. शुक्रवारी सकाळी रंगारी येऊन ती रंगवणार. गाडीला त्यानं नाव ठेवलं आहे, अल मदरसा. शाळा. खाली त्यानं लिहिलं होतं की माझ्या पानातलं शाळेचं ते वाक्य त्यानं आपल्या वडिलांना वाचून दाखवलं आणि त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. आणि पुढे: ज्या माणसानं इंधनाच्या टाकीची शाळा केली त्याची गाडी इन्शाल्ला शनिवारी पळेल. मी फोन पालथा ठेवला. जी टाकी बघत बसल्यामुळे माझी शाळा गेली तिच्या कपाळावर शाळा लिहिणार आहेत, आणि तसं लिहायला लावणारं वाक्य माझं आहे, माझ्या सहीनं दिलेलं. अशा वर्णनाचा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता.

मी आईला म्हटलं, त्याला खरं सांगते. आईनं ट्रंकेत साड्या भरणं थांबवलं. ती मला म्हणाली, "लोक त्यांना चांगलं म्हणतात, तेवढंच त्यांचं राहिलंय. तेवढं नको काढून घेऊस."

"आणि तुझं काय राहिलं?"

"माझं काय राहायचंय? मी आहे ना अजून."

मग ती म्हणाली की शेजारच्या खोलीतून दोरी आण. मी आणली. आम्ही ट्रंक बांधली. नंतर तिनं एवढंच सांगितलं की त्या पोरानं दोन वर्षं घाम गाळलाय, त्याच्या आनंदात विरजण नको, आणि तुम्ही वाईट नव्हतात. ते मला माहीत आहे, बाबा. वाईट असतात तर हे पत्र एका ओळीत संपलं असतं. तुमच्या गाडीत कागद होते, समोर पेट्या होत्या, आणि तुम्हाला पेटी उघडताना बघायची होती, एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी आईनं वीस वर्षं खोटं बोलावं आणि आता मीही बोलावं, अशी तुमची सोय आहे. तुम्ही कुणावर जबरदस्ती केली नाहीत. कधीच करायचा नाहीत. आम्हीच आपोआप ती सोय करत आलो.

मला त्या गाडीवर आईचं नाव नको आहे, तिलाही ते आवडणार नाही. तुमचं नाव पुसायचंही नाही. टाक्या तुम्हीच शोधल्यात, त्या कुणालाच मिळत नसताना, आणि ते खरं आहे. मला फक्त ती दोन वाक्यं परत हवी आहेत. त्यांच्या जागी लिहायचं की शाळेत जागा होती, मुलीला तिच्या आईनं शिकवलं आणि वडील शुक्रवारी पट्टीवर अपूर्णांक शिकवायचे. मग त्यानं गाडीला हवं ते नाव द्यावं. तो दुखावला जाईल. कदाचित त्याला वाटेल की इतके दिवस खाला आणि तिची मुलगी आपल्याला फसवत होत्या. ह्या विचारानं मला चार दिवस जेवण जात नाही. वाक्य कसं सुरू करायचं ते मी बाथरूममध्ये इंग्रजीत बोलून बघते आणि दर वेळी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करते. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी ऐकलं.

हे पत्र ठेवायला जागा नाही, आणि ठेवणारही नाही. पण एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती मी त्यालाही सांगणार नाही आणि आईला तर कधीच नाही. तिनं शिकवलेलं सगळं मला येतं. मी आत्ता लिहिते आहे ते ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तिचंच आहे. पण ते शिकतानाची एकही सकाळ मला आपणहून आठवत नाही, सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. तुमचे शुक्रवार मला आठवतात, एकेक, वेगवेगळे, पाय भाजले तो शुक्रवार धरून. तिनं दिलेल्या सकाळी जास्त होत्या, आणि माझ्याकडे उरलात तुम्ही. हे मला दुरुस्त करता येत नाही.

वाक्यं दुरुस्त करता येतील. रंगारी शुक्रवारी सकाळी येणार आहे. मी गुरुवारी, ड्यूटी सुटली की, त्या कतारी माणसाच्या शेडवर जाणार आहे.